मदत नको, प्रत पाठवा

आपल्या लिखाणात एक कविता पुन्हा पुन्हा येते. कवी बदलतो, गाव बदलतं, कविता तीच राहते. तिच्यात अमेरिकेतला नाहीतर आफ्रिकेतला काळा माणूस असतो. कवी त्याला 'भावा' म्हणून हाक मारतो. तुझी बेडी तीच माझी बेडी, तुझा घाम तोच माझा घाम, असं सांगत सांगत कविता वर चढते आणि शेवटी कुठूनतरी सूर्य उगवतो. संमेलनात ही कविता टाळ्या घेते. टाळ्या ओसरल्यावर कवीला विचारा, बाप्पा, हा तुझा भाऊ राहतो कुठं? त्याची संघटना कोणती? आज त्याची मागणी काय आहे? त्याला तुझं नाव तरी ठाऊक आहे काय? कवी गप्प होतो. भाऊ आहे, भावाचा पत्ता नाही.

मी या कवितेची टवाळी करायला बसलेलो नाही. तिनं आपल्या पिढ्यांना एक मोठी गोष्ट दिली. गावकुसाबाहेरच्या पोराला तिनं सांगितलं की तुझं दुःख तुझ्या गावापुरतं नाही, ते जगाच्या नकाशावर आहे. पण या कवितेला आता पन्नास वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांनंतरही समीक्षेनं तिची पाठ थोपटावी आणि पुढं जावं, हे बरं नाही. परदेशात हक्कासाठी, न्यायासाठी झगडणारे छोटे छोटे गट असतात. त्यांना आपण पाठिंबा देतो म्हणजे नक्की काय करतो? तसेच तिकडचे गट आपल्याला पाठिंबा देतात म्हणजे काय करतात? हा प्रश्न राजकारणाचा आहे तेवढाच भाषेचा आहे. 'पाठिंबा', 'सेवा', 'मदत', 'बांधिलकी', 'मैत्री' हे शब्द आपण एकाच मुठीत धरतो. ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. म्हणून हे समीक्षेच्या पानावर मांडतो आहे.

सुरुवात एका पत्रापासून करू. जुलै १९४६. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना अमेरिकेत एक पत्र लिहिलं. डुबॉइस म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या चळवळीतला सगळ्यात मोठा विद्वान. दोघांची ओळख नव्हती. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले होते, पण तो काळ लोटून तीस वर्षं झाली होती. पत्र अगदी लहान आहे. बाबासाहेब म्हणतात, मी निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास करत आलेलो आहे. त्यांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीत एवढं साम्य आहे की हा अभ्यास नुसता स्वाभाविकच नाही, तर गरजेचा आहे. तुम्ही लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलं. आम्हीही तसं करण्याच्या विचारात आहोत. तुमच्या त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मला मिळतील काय?

बस्स. एवढंच मागणं. डुबॉइसनी त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर दिलं. तुमचं नाव मला ठाऊक आहे, अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, निवेदन मिळवून पाठवतो, असं त्यांनी कळवलं. पुढं ऑक्टोबर १९४७ मध्ये काळ्या लोकांच्या संघटनेनं डुबॉइस यांच्या संपादनाखाली तयार झालेलं मोठं निवेदन संयुक्त राष्ट्रांपुढं ठेवलं.

दोस्तांनो, हे पत्र मी आपल्या साहित्यातला एक नमुना म्हणून वाचतो. त्यात 'भावा' ही हाक नाही, बेड्या नाहीत, सूर्य नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाला म्हणतो, तुम्ही जे काम केलं ते मला कामाला येईल, त्याची प्रत पाठवा. तो पैसे मागत नाही. आमच्यासाठी तुम्ही बोला, असंही म्हणत नाही. समोरच्याकडं एक हत्यार आहे, ते कसं घडवलं तेवढं त्याला बघायचं आहे. घडवणार मात्र तो स्वतः, आपल्या भट्टीत. प्रत मागणारा लहान होत नाही आणि देणारा मोठा होत नाही. दोघंही आपापल्या जागी उभे राहतात आणि तरीही मधलं अंतर कमी होतं. याला मी बांधिलकी म्हणतो.

आता याच्या उलट टोकाला काय असतं ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. मी जिथं बसून हे लिहितो आहे ती नालवाडी पुरेशी आहे.

सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. लगेच गांधीजींच्या प्रेरणेनं अस्पृश्यता निवारणाची एक अखिल भारतीय संस्था निघाली, तिचं नाव पुढं हरिजन सेवक संघ झालं. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. १४ नोव्हेंबर १९३२ ला बाबासाहेबांनी विलायतेच्या वाटेवर बोटीतून ठक्करबाप्पांना एक लांब पत्र धाडलं. त्यातला मुद्दा सरळ होता. एकेका माणसाला सुधारण्याचे उद्योग करू नका. दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं यांत ताकद घालवू नका. गावातली विहीर, शाळा, चावडी, गाडीघोडा यांवर अस्पृश्यांचा हक्क बजावून द्यायची मोहीम काढा. आणि हे काम करायला कार्यकर्ते कोणते घ्यायचे, त्याचा विचार करा. पत्राची पोचसुद्धा आली नाही, असं बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवलं आहे. त्याच पुस्तकात संघाच्या कारभाराबद्दल गांधीजींनी दिलेलं उत्तरही आहे. अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप, म्हणून प्रायश्चित्त सवर्णांनी घ्यायचं, पैसा त्यांचा, म्हणून कारभारही त्यांचाच. म्हणजे आमचं दुःख हे त्यांच्या पुण्याचं साधन झालं. आणि साधनाला कोणी मत विचारतं काय?

बोटीतल्या त्या पत्राला दीड महिनाही झाला नव्हता, त्या डिसेंबरात विनोबा नालवाडीत राहायला आले. वर्ध्याला लागून असलेली ही हरिजनांची वस्ती त्यांनी मुद्दाम निवडली. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका घ्यायची नाही. सूत कातून जेवढी मजुरी मिळेल तेवढ्यातच जगायचं, असा कडक नेम त्यांनी इथंच धरला. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथं चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावराचं कातडं शास्त्रीय रीतीनं कसं कमवावं, त्या धंद्यातली घाण कशी काढावी, हे तिथं शिकवलं जाई. ब्राह्मण माणूस कातड्याला हात लावतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले.

पण हे सगळं वाचताना एक गोष्ट डोळ्यांत सलते. विनोबांच्या चरित्रात नालवाडी येते ती त्यांच्या साधनेची जागा म्हणून. नालवाडीची माणसं त्यात बोलत नाहीत. त्यांना काय हवं होतं? महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सांगितलं होतं, मेलेली ढोरं ओढणं सोडा, मेलेल्याचं मांस खाणं सोडा. नागपूर-विदर्भात ही हाक घराघरात गेली. म्हणजे एकीकडे आपली माणसं म्हणत होती, हा धंदाच आमच्या गळ्यातून काढा. दुसरीकडे सेवक म्हणत होते, धंदा स्वच्छ करून देतो. दोघांच्या मनात एकच वस्ती होती. एकाला ती सोडवायची होती, दुसऱ्याला ती सुधारायची होती. आणि निर्णयाची वही सुधारणाऱ्याच्या हातात होती. विदर्भानं याचं उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलं.

मग परदेशी पाठिंब्याच्या गोष्टीत मी नालवाडी काहून आणली? कारण सेवा नालवाडीत येवो की न्यूयॉर्कहून येवो, तिची तपासणी एकच. वही कोणाच्या हातात? दुःखाचा मालक कोण आणि निर्णयाचा मालक कोण? 'पाठिंबा' या शब्दातच 'पाठ' आहे. पाठीशी उभा राहणारा कधी पाठीवर हात ठेवतो आणि कधी मानेवर, हे मानेला लगेच कळतं.

आता आपल्या चळवळीकडे वळू. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आणलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ती संघटना १९६६ मध्ये ऑकलंडला निघाली होती. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित या शब्दाची कक्षा वाढवली. भूमिहीन, कामगार, स्त्रिया, सगळे त्यात घेतले आणि आपलं नातं तिसऱ्या जगातल्या पिचलेल्या लोकांशी जोडलं. मराठीत हे लिहायला धमक लागत होती. त्याआधी औरंगाबादला डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत राहून आल्यावर तिथल्या काळ्या लेखकांची ओळख आपल्या लेखकांना करून दिली होती. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या निग्रो साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. हे प्रत मागवण्याचंच काम होतं, आणि आपल्या साहित्याचा कणा त्यानं ताठ झाला.

पण ब्लॅक पँथरकडून आपण काय उचललं आणि काय मागं ठेवलं, हे आता तरी मोकळेपणानं बोललं पाहिजे. आपण नाव उचललं, डरकाळी उचलली. ब्लॅक पँथरनं जानेवारी १९६९ पासून ऑकलंडमध्ये शाळकरी पोरांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. पोर उपाशीपोटी वर्गात बसू नये, एवढा साधा विचार. पुढं ते दवाखान्यांपर्यंत गेले. ही न्याहारी आपल्याकडं फारशी आली नाही. आपले पँथर गावोगावच्या अत्याचारावर धावून गेले, हे खरंच. अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढले गेले तेव्हा त्यांना घेऊन थेट इंदिरा गांधींपर्यंत जाणारे हेच पोट्टे होते. ते शौर्य कुणी नाकारू नये. पण अत्याचार झाल्यावर धावणं आणि रोज सकाळी उठून चूल पेटवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची संघटना होते. मूळ लढ्याची पूर्ण प्रत न मागवता नुसतं मुखपृष्ठ मागवलं की असं होतं. आणि मुखपृष्ठावर कविता चांगली होते, हेही खरं.

आता उलटी बाजू. तिकडच्या गटांनी आपल्यासाठी काय केलं? इथं एक युक्तिवाद आडवा येतो, तो आधी बाजूला करू. जातीचा प्रश्न देशाबाहेर नेऊ नका, घरचं भांडण घरात, असं म्हणतात. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दरबानला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली तेव्हा भारत सरकारनं हीच भूमिका घेतली. जात म्हणजे वंश नव्हे, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. आपले शेकडो कार्यकर्ते दरबानला गेले होते, जगासमोर बोलले, पण परिषदेच्या अंतिम ठरावात जात हा शब्द आला नाही. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जातही येते, असं लेखी स्पष्ट केलं.

'घरचा प्रश्न' हे वाक्य आपल्याला नवीन नाही. गावात पाटील हेच म्हणतो. गावची गोष्ट गावात मिटवा, फौजदाराकडे काहून जाता? भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा पहिले काही आठवडे ती अनैतिक संबंधांची भानगड म्हणूनच सांगितली गेली. गावातली गोष्ट गावातच गाडायचा तो प्रयत्न होता. ती बाहेर काढली विदर्भातल्या साध्या कार्यकर्त्यांनी, गावात जाऊन, विचारपूस करून, कागद गोळा करून. मग नोव्हेंबरात भंडारा, नागपूर, अमरावतीचे रस्ते पेटले. जगानं ऐकलं ते त्यानंतर. ज्यानं पहिल्यांदा गावची वेस ओलांडली तोच साखळीचा पहिला दुवा, परदेशी आवाज हा शेवटचा. हा क्रम विसरला की आपण जिनिव्हाकडे डोळे लावून बसतो आणि शेजारच्या तालुक्यात जात नाही.

तरी शेवटच्या दुव्याचंही मोल आहे, आणि तो कुणी घडवला हे पाहण्यासारखं आहे. १९८३ मध्ये भगवान दास यांनी जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उपसमितीपुढं अस्पृश्यतेवर साक्ष दिली. आपली स्वतःची खुर्ची तिथं नव्हती. धर्म आणि शांतता यांसाठी काम करणाऱ्या एका जागतिक परिषदेच्या वतीनं ते बोलले. पुढं खुर्ची सरकवून जागा देणारे आणखी मिळाले. जपानमध्ये बुराकू म्हणून एक समाज आहे. कातडं कमावणं, जनावर कापणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या गळ्यात बांधली गेली आणि त्यावरूनच त्यांना अपवित्र ठरवलं. चेहरा, भाषा, धर्म सगळं इतर जपान्यांसारखं, तरी लग्नाच्या वेळी घराण्याची चौकशी होते. नालवाडीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. या लोकांनी ३ मार्च १९२२ ला क्योतोमध्ये आपली समतेची संघटना उभी केली. कुणाच्या दयेनं नको, आपल्या बळावर, हीच तिची भूमिका. महाडच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट आहे. त्यांच्याच पुढाकारानं १९८८ मध्ये तोक्योला सगळ्या प्रकारच्या भेदभावाविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. तिला संयुक्त राष्ट्रांत बोलायचा अधिकार मिळाला. त्या अधिकाराचा उपयोग तिनं दलितांच्या प्रश्नासाठीही करू दिला. याला म्हणतात पाठिंबा. आपला माईक दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण खाली बसायचं.

२००० मध्ये आंतरराष्ट्रीय दलित एकजुटीचं जाळं सुरू झालं. त्यात इथल्या दलित हक्क संघटना होत्या, नेपाळच्या होत्या, आणि युरोपातले छोटे छोटे पाठीराखे गट होते. संयुक्त राष्ट्रांत सल्लागाराचा दर्जा मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. तो अर्ज प्रश्नांवर प्रश्न विचारून जवळपास पंधरा वर्षं अडवला गेला. प्रश्न विचारण्यात आपलं सरकार पुढं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये मतदान होऊन तो मंजूर झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरानं जातीवरून भेदभावाला कायद्यानं बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळानं मंजूर केलं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरनं ते परत पाठवलं. या लढाया तिकडं नोकरीला, शिकायला गेलेल्या आपल्याच पोरापोरींनी लढवल्या, आणि काळ्या, शीख, मुस्लीम, कामगार गटांना सोबत घेतलं. जात विमानानं गेली, तिच्या मागोमाग चळवळही गेली.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो, कारण तिच्यात प्रत उलट्या दिशेनं गेली. हंगेरी देशात रोमा लोक राहतात. आपण त्यांना जिप्सी म्हणतो. गावाबाहेरची वस्ती, शाळेत वेगळा वर्ग, पोलिसांचा संशय. तिथले देरदाक तिबोर आणि ऑर्शोश यानोश हे दोन शिक्षक-कार्यकर्ते बाबासाहेबांचं वाचून महाराष्ट्रात आले. इथल्या बौद्ध वस्त्या, वसतिगृहं, विहारं हिंडले. परत जाऊन त्यांनी जय भीम नावाचं मंडळ काढलं आणि २००७ मध्ये साजोकाझा या गावी शाळेतून गळालेल्या रोमा पोरांसाठी शाळा काढली. तिचं नाव डॉ. आंबेडकर. तिथली पोरं मॅट्रिकच्या तोडीच्या परीक्षेला बसू लागली. या लोकांनी आपल्याकडं वर्गणी मागितली नाही. तुम्ही अपमानातून कसे उठलात, ती रीत सांगा, असं विचारलं. म्हणजे त्यांनी आपल्याकडं प्रत मागितली. १९४६ च्या पत्राचं हे उत्तर साठ वर्षांनी वेगळ्याच पत्त्यावरून आलं.

आपण काय केलं? हार घातले, फोटो काढले, 'बघा, युरोपातही जय भीम' म्हणून अंकात छापलं. अभिमान वाटणारच. पण त्यांची प्रत आपण मागितली काय? रोमांनी शाळेतल्या वेगळ्या वर्गाविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात केवढी लढाई दिली, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? झेक देशातल्या ओस्त्रावा शहरात रोमा पोरांना मंदबुद्धीच्या शाळांत घालत. अठरा पोरं कोर्टात गेली. १३ नोव्हेंबर २००७ ला ती जिंकली. आणि कशावर जिंकली? आकड्यांवर. कोणत्या शाळेत रोमा किती, इतर किती, हे मोजून मांडलं. हेतू सिद्ध करा, असा हट्ट कोर्टानं धरला नाही. आकडेच बोलतात, असं मानलं. आपल्याकडं आश्रमशाळा, वसतिगृह, जिल्हा परिषदेची ओस पडत चाललेली शाळा आणि गावातली इंग्रजी शाळा यांत कोण कुठं बसतो, हे वही घेऊन मोजायला काय लागतं? एक पेन्सिल लागते. ही रीत आपण त्यांच्याकडून घ्यायला हवी होती. कौतुक केलं, अभ्यास केला नाही. प्रत आपल्यालाही मागता आली पाहिजे, नाहीतर आपणही सेवकासारखे पाठ थोपटणारे होतो.

पैशाचं काय, असं तुम्ही विचारालच. पैसा वाईट नाही. १९८० पासून ब्रिटनमधल्या बौद्धांनी दारोदार फिरून, बेल वाजवून, साध्या घरांतून वर्गणी गोळा केली आणि महाराष्ट्रातली वसतिगृहं त्यावर चालली. दारोदार फिरणाऱ्याच्या पायाला धूळ लागते, त्या पैशाला मी दान म्हणणार नाही. पण पैशाची वाट सरकार कधीही अडवू शकतं, हे ध्यानात ठेवा. परदेशी वर्गणीचा कायदा पहिल्यांदा १९७६ मध्ये, आणीबाणीत आला. २०१० मध्ये तो नव्यानं झाला. २०२० च्या दुरुस्तीनं एका संस्थेनं घेतलेली परदेशी वर्गणी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी घातली. म्हणजे मोठ्या संस्थेमार्फत ज्या लहान गटांना तालुक्यात चार पैसे मिळत होते, त्यांचा नळ बंद. ज्या गटाची मैत्री फक्त या नळावर होती, तिथं मैत्रीही आटली. पत्राला, भाषांतराला, निवेदनाच्या प्रतीला असा नळ लागत नाही.

शिवाय पैशासोबत भाषा येते. प्रोजेक्ट, लाभार्थी, टार्गेट ग्रुप, केस स्टडी. बाई अत्याचाराची हकीकत सांगते ती तिच्या तोंडची असते. अहवालात जाईपर्यंत ती केस होते, फोटोसहित. आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडातही हे शब्द बसले आहेत. समीक्षा करायची तर या अहवालांचीही करा. कवितेपेक्षा ते जास्त वाचले जातात आणि त्यांत आपलं चित्र कोण काढतो हे जास्त महत्त्वाचं आहे.

आणखी एक बोचरी गोष्ट. २५ मे २०२० ला मिनियापोलिसला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवून त्याला मारलं. आपल्याकडं त्यावर कविता आल्या, चित्रं आली. यायलाच हवी होती. त्याच्या दोनच दिवस आधी, २३ मे ला, नेपाळच्या रुकुम पश्चिम जिल्ह्यात एक दलित तरुण वरच्या जातीतल्या आपल्या मैत्रिणीला आणायला सोबत्यांना घेऊन गेला. गावानं पाठलाग केला, आणि सहा जणांचे मृतदेह भेरी नदीत सापडले. नेपाळ आपल्या उशाला आहे. जात तीच, कारण तेच. माझ्या वाचनात रुकुमवर एकही मराठी कविता आली नाही. आपला भाऊ कोण हे कॅमेरा ठरवतो आहे काय? रुकुमला कॅमेरा नव्हता, तिथले छोटे दलित गट होते. त्यांचा पत्ता शोधायला हवा होता.

तेव्हा एखाद्या परदेशी गटाचं पत्रक हातात आलं, 'पाठिंबा द्या' अशी हाक आली, तर चार गोष्टी विचारा. मागणी कोणाच्या तोंडची आहे, ज्याला लागलं त्याची की त्याच्यासाठी कळवळणाऱ्याची? कागदावर सही कोणाची आहे? आपण पत्र लिहिलं तर उलट पत्र येईल काय, की नुसती पावती येईल? आणि चौथी, सगळ्यात अवघड. तोच प्रश्न आपल्या वस्तीत आला तर आपण कुठं उभे असतो? मांगवाड्यात आपण जेवतो काय? मेहतराच्या पोरीला सून म्हणून घेतो काय? आपल्या बैठकीत बाया बोलतात, की चहा देतात? दूरच्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं, कारण तो दारात येत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये करुणेच्या पुढं मैत्री ठेवली ती उगीच नाही. मैत्रीत समोरचा बरोबरीचा असावा लागतो.

नालवाडीतल्या, वर्ध्यातल्या पोरापोरींनी एवढं करावं. एकच गट निवडा. रोमांचा असो, बुराकूंचा असो, नेपाळचा असो. त्याचं एक निवेदन मिळवा, मराठीत करा, वस्तीत वाचून दाखवा, त्यावर भांडा. मग आपल्या एखाद्या लढ्याचं निवेदन, विहिरीचं, स्मशानाचं, शाळेचं, त्यांच्या भाषेत होईल असं करून धाडा. त्यात रडू नका, आकडे घाला, तारखा घाला. खाली लिहा, तुमच्या कामाच्या दोन-तीन प्रती पाठवा. आधी पत्ता मिळवा. कविता त्यानंतर लिहा, ती आपोआप वेगळी होईल.